बिनवाइनचं फॉन्ड्यू

९ जानेवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राला घंटा नसते. येऊन गपचूप पडून राहतं. फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं वाच: तू मावशी होणार आहेस. सहावा महिना लागलाय.

पडलं ना हातातून? उचल आणि पुढे वाच.

तू मला गोटी म्हणायचीस, ती आता खरोखरच गोटी झालीय. उंची तेवढीच आणि बाकी सगळ्या बाजूंनी वाढ. चष्म्याच्या दुकानातलं काम चालू आहे. मागच्या खोलीत, खिडकीपाशी, तेच टेबल. काचा फ्रेमच्या मापाने घासायच्या, कडा गुळगुळीत करायच्या, बसवायच्या. आताशा घासायचं चाक सुरू केलं की आतून कोणीतरी टिचकी मारतं. आवाज आवडत नसावा. तुझ्यावर गेलंय.

माझ्या या खिडकीसमोरच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, एक रेस्टॉरंट उघडलंय. त्यांच्याकडे मुख्य पदार्थ एकच, फॉन्ड्यू. टेबलाच्या मधोमध इवलीशी शेगडी, तिच्यावर जाड बुडाचं भांडं, भांड्यात वितळलेलं चीज. लांब काट्याला पावाचा तुकडा टोचायचा, चीजमध्ये बुडवायचा, गर्रकन फिरवायचा, वर काढून तार तुटेपर्यंत थांबायचं, की तोंडात. माझ्या खिडकीतून सगळं दिसतं. दुसऱ्याच्या ताटाकडे बघायची मला सवय नाही, तुला माहीतच आहे. (आहे. पण एवढी नव्हती.) परवा एका आजोबांची तार हनुवटीला चिकटली आणि मी इकडे रुमाल शोधायला लागले!

नवरा म्हणतो, "चल, आत्ता जाऊ." तो पोहण्याच्या तलावावर शिकवतो, त्याला सगळं 'मार उडी' इतकंच सोपं वाटतं. मी नाही म्हणते. मी सध्या घरचं, उकडलेलं, डोळ्यांदेखत शिजलेलं तेवढंच खाते. का, ते विचारू नकोस. तू विचारणार नाहीसच म्हणा.

बाबा बरे आहेत. घरचे सगळे बरे आहेत.

तुझी,
गोटी


२१ जानेवारी

ताई,

उत्तर आलं नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे अर्धं उत्तर आलं असं मी धरून चालते.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. बाकीच्या बायका रक्तदाबाचं विचारतात, वजनाचं विचारतात, आणि मी खाली मान घालून विचारते, "फॉन्ड्यू चालेल का?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खा की. फक्त जरा बघून खा."

चीज पाश्चराइज्ड दुधाचं आहे ना, ते विचारायचं. भांड्यात चांगली उकळी फुटलेली असताना खायचं, कोमट होऊन बसलेलं नाही. काही ठिकाणी कच्चं मांस गरम तेलात बुडवून खातात, तेही फॉन्ड्यूच, त्याच्या वाटेला सध्या जायचं नाही. बाजूला मांसाचे थंड काप ठेवतात, तेही नकोत. "आणि वाइन," त्या म्हणाल्या.

"वाइन कुठून आली?"

"चीज वाइनमध्येच तर वितळवतात. वरून कधी चेरीची दारूही घालतात. उकळल्यावर सगळी उडून जाते म्हणतात, पण सगळी नाही उडत. तुमच्यापुरतं बिनवाइनचं करून मागा."

मी मनात म्हटलं, झालं. एवढी चौकशी कोण करणार? आपल्याला तर वाढप्याकडे पाणी मागायचीही लाज वाटते. वाटेत बाबांकडे थांबून काकूंना सांगितलं आणि विषय सोडून दिला.

लिहून गेले. आता खोडत नाही. काकू म्हणजे त्याच. आई गेल्यावर बाबांनी ज्यांच्याशी लग्न केलं त्या. तू 'ती बाई' म्हणतेस, मी काकू म्हणते. आई म्हणत नाही, आणि त्यांनी कधी म्हणवून घेतलंही नाही. रागाव, पण वाचत राहा, कारण पुढची गंमत त्यांच्याशिवाय सांगताच येत नाही.

काकू निवृत्त होईपर्यंत रेल्वे स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीत होत्या. म्हणतात, "आयुष्यभर लोकांनी मला विचारलं, आता मी विचारणार." मी विषय सोडला, त्यांनी पकडला. माझ्यासमोर रेस्टॉरंटला फोन लावला.

"तुमच्या फॉन्ड्यूत चीज कसल्या दुधाचं असतं?"

पलीकडून कोणीतरी म्हणालं, "गाईच्या."

"म्हशीचं नाही ते कळलं. पाश्चराइज्ड का?"

"विचारून सांगतो, बाई."

"विचारा. मी आहे इथेच. माझी कुठली गाडी सुटत नाहीये."

मी तोंडावर उशी घेतली. त्या मालकापर्यंत पोचल्या, मालकाकडून स्वयंपाकघरात पोचल्या, आणि दुसऱ्या दिवशी तर जातीने जाऊन आल्या. चीजच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचता यावीत म्हणून आदल्या संध्याकाळी माझ्याकडून नवा चष्मा करून घेतला! कळलं ते असं: ते दोन प्रकारचं चीज एकत्र करतात, त्यातलं एक कच्च्या दुधाचं. तिथल्या शेफबाई म्हणाल्या, हिच्यासाठी दुसरंच एकटं घेऊ. वाइनऐवजी सफरचंदाचा रस आणि लिंबू. भांडं वेगळं, ढवळायचा चमचाही वेगळा.

आता सगळं जुळून आलंय. नाही म्हणायला कारण उरलेलं नाही, आणि तरी मी अजून हो म्हटलेलं नाही.

गोटी


३० जानेवारी

ताई,

हे पत्र तीनदा सुरू केलं.

मागच्या वर्षीही मला दिवस राहिले होते. चौथ्या महिन्यात सगळं संपलं. तुला कळवलं नाही. आईच्या दुखण्यात तू वर्षभर नोकरी सोडून तिच्या उशाशी बसलीस. तुझ्यापुढे आणखी एका आजारी माणसाची खाट टाकायची माझी हिंमत झाली नाही. शिवाय तेव्हा आपलं बोलणं बंद झालेलं. गेलेल्या गोष्टीसाठी फोन करायचा आणि तू तो उचलायचा नाहीस, हे मला झेपलं नसतं.

त्याच्या आदल्या दिवशी मी बाहेर खाल्लं होतं. साधंच काहीतरी, सगळ्यांनी खाल्लेलं. डॉक्टरीणबाईंनी परोपरीने सांगितलं, त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, असं कधी कधी होतं, कोणाच्या हातात नसतं. डोक्याला पटलं. जिभेला पटलं नाही. म्हणून हे उकडलेलं.

तेव्हा हॉस्पिटलात माझ्यापाशी काकू बसल्या होत्या. ज्या बाईला चौकशी केल्याशिवाय करमत नाही, त्या बाईने मला एक प्रश्न विचारला नाही. नुसत्या माझे पाय चेपत राहिल्या. बाबांना तिथे बसवेना, तर ते आमच्या घरी गेले आणि घरातले सगळे गळके नळ दुरुस्त करून आले. न गळणारेसुद्धा.

काल काकू म्हणाल्या, "तुझी भीती मला काही काढता येणार नाही. पण भांड्यात काय आहे ते तर मला बघता येतं ना? तेवढं मी बघितलंय."

मी हो म्हटलं. पुढच्या शनिवारी, सात तारखेला, संध्याकाळी सातला. मी, नवरा, बाबा आणि काकू. तिथला कागदी रुमाल काकूंनी आणला होता, तो सोबत घालते. त्यावर भांड्याचं चित्र आहे, खाली त्यांचा फोन नंबर. म्हणजे मी कशासाठी झुरतेय ते तुला कळेल.

पाचवी खुर्ची मागितलेली नाही. मागावी असं फार वाटलं होतं.

गोटी


८ फेब्रुवारी

ताई!

अगं बाई, तू! तू ना!

थांब, क्रमाने सांगते.

आम्ही वेळेवर पोचलो. काकू तर वेळेआधी, त्यांना गाडी चुकायची आयुष्यभराची धास्ती. जिना चढताना नवऱ्याने माझा हात असा धरला होता, जणू मी खोल पाण्यात उतरतेय. टेबल खिडकीजवळचं. तिथून पलीकडे माझं कामाचं टेबल दिसत होतं, त्यावर माझा डबा विसरलेला. मला एकदम हसू आलं. रोज तिथे बसून इकडे बघणारी बाई आज इथे बसून तिकडे बघत होती.

मालक स्वतः भांडं घेऊन आले. गोल गरगरीत माणूस, भुवया दाट. भांडं शेगडीवर ठेवलं, ज्योत मोठी केली, आणि तिथेच हाताची घडी घालून उभे राहिले. हलेचनात.

नवरा म्हणाला, "काही राहिलंय का?"

"उकळी बघतोय," मालक म्हणाले. "चांगली उकळी फुटल्याशिवाय इथून हलायचं नाही असं बजावलंय मला."

आम्ही सगळ्यांनी काकूंकडे बघितलं. काकू गोऱ्यामोऱ्या झाल्या. "मी एवढं नव्हतं हो सांगितलं."

"तुम्ही नाही. दुसऱ्या बाई. दुपारी परगावाहून फोन आला होता." मालकांनी एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या पोटाकडे बघितलं. "म्हणाल्या, सातच्या टेबलाला माझी धाकटी बहीण येणार आहे. बुटकी, गरोदर, आणि अखंड बोलणारी. तिच्या भांड्यात वाइनचा थेंब जरी पडला तर मी येऊन तुमच्या लिफ्टपासून तपासणी सुरू करीन."

ताई, नवरा खुर्चीतून अर्धा उठलाच. बाबांचा काटा हवेत.

मालक म्हणाले, "मी म्हटलं, बाई, आमच्याकडे लिफ्टच नाही. तर म्हणाल्या, मग जिना तपासेन."

लिफ्ट तपासायची नोकरी माणसाच्या किती अंगात मुरते! मला बोलताच येत नव्हतं, यावरून समज. पहिल्या बोलल्या त्या काकू. अगदी खिडकीतल्या आवाजात.

"चीजचं विचारलं तिने?"

"विचारलं."

"पाश्चराइज्ड?"

"तेही."

"भांडं वेगळं?"

"चमचासुद्धा, बाई. तुम्ही दोघी एकाच शाळेत होतात का?"

"पोरगी हुशार आहे," काकू म्हणाल्या, आणि चष्मा काढून पुसायला लागल्या. "वाफ किती येतेय या भांड्यातून." तेव्हा भांड्यातून वाफ अजून यायची होती.

मग एक मोठ्ठा बुडबुडा आला, मागोमाग चार, आणि मालक ओरडले, "फुटली!" शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय वाटलं देव जाणे.

मी पाव टोचला. बुडवला, फिरवला, वर काढला. आणि तोंडाशी आणून थांबले. सगळे जण दुसरीकडे बघायला लागले. बाबा छताकडे, नवरा टेबलाच्या कडेकडे. कोणी "खा" म्हटलं नाही. मी त्या तुकड्याकडे बघत होते आणि वाट बघत होते, की आता पोटात तो गोळा उठेल, भीतीचा. तो काही आला नाही. नुसती भूक लागली होती, ताई. वर्षभरात पहिल्यांदा नुसती सरळसाधी भूक.

खाल्लं. तोंड भाजलं. आधी खारट, मग सफरचंदाचा जरासा आंबटगोडपणा, मग पावाची कुरकुरीत कड. मी किती खाल्लं ते लिहीत नाही, तू पुन्हा फोन करशील.

नवऱ्याचा पाव भांड्यात पडला. बाबा म्हणाले, "जावईबापू, तुमच्या हाताखालची पोरंही अशीच बुडतात का?" काकूंना असा ठसका लागला, की पाणी द्यावं लागलं. पाव शोधण्यात दोन काटे एकमेकांत अडकले. भांडं कोमट व्हायला लागलं की मालक लांबूनच हात वर करायचे, आणि माणूस येऊन ज्योत वाढवायचा. शेवटी बुडाला खरपुडी धरली, ती शेफबाईंनी खरवडून मला दिली. बाकीच्यांना विचारलंही नाही.

सगळं आटोपत आल्यावर बाबांनी काटा खाली ठेवला. म्हणाले, "तिला कळव. तुमच्या आईचं कपाट मी रिकामं केलं. तिला वाटतं तसा हिचा काही संबंध नाही, ही तेव्हा घरात आलीही नव्हती. सकाळी उठलं की पहिलं ते कपाट दिसायचं, आणि मला उघडवत नव्हतं. तुम्हा दोघींना विचारायला हवं होतं. सुचलं नाही."

काकू म्हणाल्या, "हे तुम्ही स्वतः कळवा. पोरीला किती कामाला लावाल?"

बाबांनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाले, "लिहितो."

मी कळवतेच आहे, कारण बाबांचं पत्र कधी पुरं होईल याचा भरवसा नाही. सकाळपासून 'चि.' लिहून बसलेत.

गोटी


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. पाकीट उभ्याउभ्याच फोडलं, आणि आत काय, तर पहिलंच वाक्य: "वाइन नव्हती ना?"

नव्हती गं बाई, नव्हती.

पुढचं मात्र पुन्हा पुन्हा वाचलं. "मला न सांगता एकटीच रडलीस, याचा हिशेब भेटल्यावर चुकता करीन." कर. एक थप्पड देणार असशील तर आधीच सांगते, डाव्या गालावर दे, उजवीकडची दाढ दुखतेय. पण मी एकटी नव्हते, तेवढं मनावर घेऊ नकोस.

बाबांचं पत्र तुला मिळालं हे वाचून चाट पडले. मला दाखवलंसुद्धा नाही त्यांनी! काय लिहिलं होतं ते विचारत नाही. तू "अक्षर अजून तसंच आहे" एवढंच लिहिलंस, ते पुरे.

मे महिन्यात येतेस, फार बरं झालं. हॉटेलात उतरेन म्हणतेस. उतर. हक्काने ये आणि परक्यासारखी राहा, माझं काही म्हणणं नाही. काकूंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "तिला जिथे बरं वाटेल तिथे राहू दे. कुठल्या गाडीने येणार ते विचार, ती गाडी हमखास उशिरा येते."

कुठल्या गाडीने येणार?

गोटी


४ जुलै

ताई,

तुला जाऊन आठवडा झाला. घर ओकंबोकं वाटतंय म्हणाले असते, पण तुझी भाची तसं वाटू देत नाही. काल ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. नवरा म्हणतो, हसली नाही, पोटात वात धरला असेल. त्याला सांगितलं, माणसं ओळखायला शीक. सध्या तो तिला बादलीभर पाण्यात पोहायला शिकवतोय. तिची प्रगती चांगली आहे, त्याची नाही.

तुला एक सांगायचं राहिलं. तू आलीस त्या दुपारी मी हॉस्पिटलात, बाळ काही तासांचं. बाबा आणि नवरा माझ्यापाशी. बाबांच्या घरी एकट्या काकू. तेव्हा दारात काय झालं, हे मला तुम्ही दोघींनी वेगवेगळं सांगितलंय. तू म्हणालीस, "काही नाही, तिने दार उघडलं, चहा विचारला, मी हो म्हटलं." काकू म्हणतात, तू आत यायच्या आधी बिजागऱ्या बघितल्यास आणि म्हणालीस, "दार करकरतंय, तेल घाला." त्यांनी तेल आणून दिलं. तू बॅग खाली ठेवून तिथेच तेल घातलंस. त्या स्टूल धरून उभ्या राहिल्या. मग म्हणे दोघीजणी उंबऱ्यात बसूनच रडलात, आणि चहा उतू गेला.

मी काकूंवर विश्वास ठेवते. शेगडीवर डाग होता.

हॉटेलाची खोली तू कधी रद्द केलीस, हे तर कोणीच सांगत नाही. मी हॉस्पिटलातून बाबांकडे आले तेव्हा तुझा टॉवेल तिथल्या दोरीवर वाळत होता, आणि तू स्वयंपाकघरात काकूंशी भांडत होतीस, बाळाच्या अंघोळीचं पाणी किती गरम असावं यावरून. ताई, इतकं सुंदर भांडण मी जन्मात ऐकलेलं नाही. बाबा दाराआड उभे राहून ऐकत होते. मला बघितल्यावर तोंडावर बोट ठेवलं, थांबवू नकोस म्हणून.

आता कालचं. काकू दुपारी बाळाला बघायला आल्या होत्या. फोन वाजला, तुझं नाव दिसलं. गेली दोन वर्षं मी या फोनची वाट बघितली. काखेत बाळ, हाताला दूध सांडलेलं, अशी धावत गेले, उचलला, म्हटलं, "बोल गं!"

तू म्हणालीस, "काकूंना दे."

दिला. काय करणार? काकू खिडकीकडे पाठ करून पाऊण तास बोलत होत्या. मी बाळाला थोपटत त्यांच्या अवतीभवती तीन वेळा फिरले, कान लावला. काही कळेना. नुसतं "हो हो," "तेच म्हणते मी," असं. शेवटी खूप हसल्या, आवाज अगदी खाली आणला, आणि म्हणाल्या, "अगं, पण तिला नको सांगूस."

काय नको सांगूस?

उलट टपाली कळव.

तुझी,
गोटी